आपण पिकअपवाले, रोल्सवाले कधीच नव्हतो

गेल्या फेब्रुवारीत एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. सकाळी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्यानं एक फोटो टाकला. पिवळ्या रंगाची, घुमटासारख्या छपराची जुनी रोल्स रॉईस. खाली लिहिलं होतं, 'ये थी हमारी शान.' दहा-बारा जणांनी अंगठे दाखवले, दोघांनी 'माशाअल्लाह' लिहिलं. त्याच रात्री माझ्या धाकट्या भावाचा पिकअप हायवेवर चार पोरांनी अडवला. गाडीत द्राक्षांचे क्रेट होते. ताडपत्री सोडायला लावली, वरचे क्रेट खाली उतरवून घेतले, नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यातला एक म्हणाला, 'निजामाची औलाद.' काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. क्रेट पुन्हा चढवायला कुणी हात लावला नाही.

पहाटे भाऊ घरी आला, चहा घेता घेता त्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "भाईजान, सुबू में अपन रोल्सवाले थे. रात कू उसकाच बिल आया."

मी हसलो, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. भाच्यानं जी गाडी छातीवर बिल्ल्यासारखी लावली, तीच गाडी त्या पोरांनी माझ्या भावाच्या गळ्यात दगडासारखी अडकवली. दोघांनाही वाटतं की ती आमची होती. मला आज एवढंच म्हणायचं आहे की ती आमची कधीच नव्हती. आमची गाडी दारात उभी आहे. तिच्या फाळक्यावर 'माँ की दुआ' लिहिलेलं आहे आणि तिचे अजून एकवीस हप्ते बाकी आहेत.

आधी त्या रोल्सबद्दल बोलू. ती खोटी नाही, हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये आजही पाहायला मिळते. 1912 सालची रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी ती मागवली होती; पण 1911 मध्ये ते वारले आणि गाडी सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. मागच्या भागात साधी सीट नाही, सिंहासनासारखं उंच आसन आहे. म्हणून तिला 'थ्रोन कार' म्हणतात. शंभर वर्षांत ती काही शे मैलांच्या पलीकडे धावली नाही, असं सांगितलं जातं. मिरवणूक आणि समारंभ एवढंच तिचं काम.

आम्ही ती पाहून आलो आहोत. दोन वर्षांपूर्वी भावानं हैदराबादला माल उतरवला आणि आम्ही दोघं पोरांना घेऊन चौमहल्ला बघायला गेलो. पोरं फोटो काढत होती. भाऊ गाडीच्या दोन्ही बाजूंनी फिरला, खाली वाकून पाटे बघितले आणि मला विचारलं, "हिला दोरी बांधायला हूक कुठं आहे?" तिथल्या कुठल्याही माहिती फलकापेक्षा हा प्रश्न मला जास्त खरा वाटला.

आता दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करा. सिल्व्हर घोस्टचं इंजिन सहा सिलिंडरचं, 7,428 सीसीचं. ताकद सुमारे 50 अश्वशक्ती. त्या काळाच्या मानानं ती ताकद मोठीच, आणि इंजिन इतकं शांत की त्या शांतपणावरूनच गाडीला 'घोस्ट' म्हणजे भूत हे नाव मिळालं. भावाच्या बोलेरो पिकअपचं इंजिन चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं डिझेल, ताकद 75 अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे इंजिन तिसऱ्या हिश्श्याचं आणि ताकद दीडपट. आवाज मात्र असा की गल्लीच्या तोंडाला वळली की अम्मी उठून दार उघडते.

रोल्स एका माणसाला नेते. तिला चालवायला एक, पुसायला एक, पुढे-मागे धावायला चार माणसं लागतात. पिकअप दीड टन माल नेतो आणि त्यावर किती घरं चालतात ते मोजा. बागेतून द्राक्ष काढणाऱ्या बाया, क्रेट भरणारे, हमाल, आडत्या, ताडपत्री शिवणारा, पंक्चरवाला, गॅरेजवाला, भाऊ आणि त्याचा क्लीनर. पिकअप दोन दिवस उभा राहिला तर या सगळ्यांच्या घरी कळतं. रोल्स शंभर वर्षं उभी आहे, कुणाच्या घरची चूल विझली नाही.

आमच्या दादांकडे डोक्यावरची पाटी होती. पेरू आणि सीताफळं भरून ते मुरूमच्या बाजाराला पायी जायचे. अब्बांनी पहिल्यांदा बैलगाडी केली, मग भाड्याचा टेम्पो. भावानं पिकअप घेतला. डोक्यावरच्या पाटीपासून पिकअपच्या हौद्यापर्यंत यायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या. आम्हाला शान मिरवायचीच असेल तर ही आहे. या प्रवासात रोल्स कुठेच येत नाही.

भाच्यानं फोटोसोबत एक गोष्टही टाकली होती. तुम्हीही वाचली असेल. निजाम लंडनला साध्या कपड्यांत रोल्सच्या शोरूममध्ये गेले, तिथं अपमान झाला, मग त्यांनी पाच-सहा रोल्स विकत घेतल्या आणि हैदराबादचा कचरा उचलायला लावल्या. शेवटी कंपनीनं माफी मागितली. हीच गोष्ट अलवरच्या महाराजांच्या नावानं सांगतात, पटियालाच्या नावानं सांगतात, भरतपूरच्याही. एकच शोरूम, एकच अपमान, एकच माफी, फक्त राजा बदलतो. असल्या गोष्टीला आमच्याकडं 'गप्पा' म्हणतात.

पण क्षणभर ती खरी धरू. मग माझा एक प्रश्न आहे, जो त्या फॉरवर्डखाली कुणी विचारला नाही. त्या गाडीत कचरा भरत कोण होतं? भल्या पहाटे टोपली डोक्यावर घेऊन, नाकाला फडकं बांधून रोल्सच्या मागच्या भागात घाण टाकणारा तो माणूस कोण? त्याची मजुरी रोल्स आल्यावर एक पैशानं तरी वाढली का? राजाचा अपमान झाला आणि त्यानं सूड उगवला, याचा आपल्याला केवढा आनंद. ज्याचा रोज अपमान होतो तो त्या गोष्टीत आहे, पण त्याला नाव नाही, चेहरा नाही. आणि गंमत अशी की ती गोष्ट फॉरवर्ड करणारे आपण त्याच बिनचेहऱ्याच्या माणसाचे नातू आहोत.

इथं मी माझ्याच लोकांशी भांडतो आहे, हे मला माहीत आहे. मराठवाड्यातला मुसलमान म्हणजे कोण? बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार, मुलाणी, मणियार, खाटीक, छप्परबंद, शिकलगार. नावं वाचली तरी धंदे कळतात. फळं विकणारे, विणणारे, कापूस पिंजणारे, पानं विकणारे, बांगड्या भरणारे, छप्पर शाकारणारे, हत्यारांना धार लावणारे. यात नवाब कुठं आहे? हजारात एखादं घर जहागीरदाराचं असेल. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव त्या जहागीरदाराच्या दारात चपला काढून उभे राहणारे. उमरग्याच्या कुठल्याही मोहल्ल्यात जाऊन म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'चाचा, तुमच्या वडिलांनी निजामाला पाहिलं होतं का?' उत्तर येईल, 'त्याच्या तलाठ्याला पाहिलं होतं, तेवढंच पुरे झालं.'

निजामाच्या राज्यात काही जमीन 'सर्फ-ए-खास' होती, म्हणजे खुद्द निजामाची खासगी. तिचं उत्पन्न थेट त्याच्या तिजोरीत जायचं. 1937 साली 'टाइम' मासिकानं त्याला मुखपृष्ठावर छापून जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटलं, ती श्रीमंती हवेतून आलेली नव्हती. ती रयतेच्या घामातून आली, आणि त्या रयतेत आमचे दादाही होते. सारा वसूल करताना, वेठबिगारीला धरून नेताना कुणी कलमा विचारला नाही. उलट सत्तेच्या माडीवर दोन्ही धर्मांचे लोक शेजारी बसायचे. 1901 ते 1912 या काळात निजामाचे दिवाण होते महाराजा सर किशन प्रसाद. म्हणजे ही रोल्स बनली त्या सुमारास संस्थानाचा कारभार एका हिंदू माणसाच्या हातात होता. गावोगावचे देशमुख, देशपांडे आणि जहागीरदार मिळून राज्य चालवत. वर बसणाऱ्यांची जात एकच होती, बसणाऱ्यांची. ओझं वाहणाऱ्यांचीही एकच.

कुणी म्हणेल, निजामानं उस्मानिया विद्यापीठ काढलं, दवाखाना बांधला, रेल्वे आणली. मान्य. 1918 सालचं उस्मानिया विद्यापीठ हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय देताना मला जड जात नाही. पण यातलं जवळपास सगळं हैदराबाद शहरात झालं. आमच्या उमरग्याच्या वाट्याला काय आलं? राज्यकारभाराची भाषा उर्दू, रयतेची मराठी. त्यामुळं मराठी शिकायला हिंदूंनाही अडचण आणि आमच्यासारख्या दखनी बोलणाऱ्यांना दरबारी उर्दू तितकीच परकी. दादांना दोन्ही लिपी येत नव्हत्या. ते अंगठा लावायचे.

आता 1948 वर येतो. हा विषय आमच्या घरात अर्ध्या आवाजात बोलला जातो, पण आज पूर्ण आवाजात बोलायला हवा.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं निघाली. आधी नळदुर्ग, मग जळकोट आणि त्याच दिवशी दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरगा. ज्या रस्त्यावरून भावाचा पिकअप रोज जातो, तोच हा रस्ता. गावात रझाकारांनी थोडा प्रतिकार केला आणि तो लगेच मोडला. 17 सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. आज तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि पाळलाच पाहिजे. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, बायाबापड्यांवर अत्याचार केले. त्याला 'पण' लावून सांगणारा मुसलमान मला भेटतो तेव्हा मला त्याची लाज वाटते. त्या जुलमाला पण नाही.

त्या जुलमाला विरोध करणारे मुसलमानही होते, हे मात्र दोन्हीकडचे लोक सोयीनं विसरतात. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहिलं. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर रझाकारांनी त्यांचा खून केला. आमच्या पोरांच्या मोबाइलमध्ये रोल्सचा फोटो आहे, शोएबुल्लाहचा नाही. शान शोधायला बाहेर पडलेल्यांनी चुकीच्या दारावर टकटक केली ती अशी.

मग पुढं काय झालं? फौजेच्या कारवाईदरम्यान आणि त्यानंतर बदला घेतला गेला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीनं खेडोपाडी फिरून अहवाल दिला की अगदी हात राखून धरलं तरी 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत आणि सर्वांत वाईट अवस्था चार जिल्ह्यांची होती: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. यात आपला जिल्हा आहे. हा अहवाल कित्येक दशकं कपाटात पडून होता, 2013 च्या सुमारास तो लोकांसमोर आला. आमच्या दादींनी तो कधी वाचला नाही. त्यांना माहीत होतं ते एवढंच, की दोन रात्री त्या उभ्या पिकात पोर छातीशी धरून बसल्या होत्या आणि तिसऱ्या रात्री शेजारच्या लिंगायत घरानं त्यांना आपल्या धान्याच्या कोठीत लपवलं.

आणि ज्यांच्या नावावर हे सगळं झालं त्यांचं काय? शेजारच्या लातूरला वकिली करणारा कासिम रझवी, ज्यानं रझाकारांचं नेतृत्व केलं, तो तुरुंगातून 1957 मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. निजाम मीर उस्मान अली खान 26 जानेवारी 1950 ला त्याच हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत राहिले. त्यांना तनखा मिळाला, राजवाडे राहिले, गाड्या राहिल्या. पिवळी रोल्स शाबूत राहिली, तिच्यावर ओरखडा नाही. तिचा हिशेब उमरगा, लोहारा, नळदुर्गच्या पिंजाऱ्या-बागवानांनी चुकता केला. मालक सुटला, हमालाला धरलं.

म्हणून मी भाच्याला म्हणतो: बेटा, ज्या गाडीत तुझा पणजा कधी बसला नाही, तिची किंमत त्यानं एकदा मोजली आहे. तू स्वतःहून ती पुन्हा आपल्या नावावर कशाला करून घेतोस?

आणि ज्या पोरांनी भावाची ताडपत्री सोडली, त्यांनाही म्हणायचं आहे. निजामाची औलाद निजामाच्या घरात आहे, तिची भांडणं कोर्टात मालमत्तेवरून चालतात. ती तुम्हाला रात्री दोन वाजता हायवेवर द्राक्षं घेऊन जाताना भेटणार नाही. तुम्ही अडवला तो माणूस तुमच्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याचा माल घेऊन चालला होता. तो बागायतदार तुमचाच कुणी काका-मामा असेल. क्रेट उतरवून ठेवताना जी द्राक्षं चेंगरली, तो तोटा त्यानं आणि माझ्या भावानं अर्धा-अर्धा वाटून घेतला. इतिहासाचा सूड घ्यायला निघालात आणि स्वतःच्याच काकाची द्राक्षं तुडवून आलात.

सुंदरलाल अहवालात एक नोंद आहे, ती मला फार मोलाची वाटते. त्या भयंकर दिवसांतही अनेक हिंदूंनी मुसलमानांना वाचवलं आणि एकाच धंद्यातल्या माणसांमधला जिव्हाळा विशेष दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचे जीवही गमावले. बघा, तिथं धर्माच्या आधी माग आला. ज्याच्या पायाखाली तोच माग, ज्याच्या बोटांत तोच धागा, तो शेजारी म्हणून उभा राहिला. आजच्या भाषेत सांगायचं तर पिकअपवाला पिकअपवाल्यासाठी उभा राहिला. भावाचा पिकअप त्या रात्री अडवला तेव्हा पुढच्या ढाब्यावर ज्यानं थांबून क्रेट नीट बांधून दिले, तो येणेगूरचा एक टेम्पोवाला होता. त्याच्या काचेवर भगवा झेंडा होता. भावानं त्याचं नावही विचारलं नाही, त्यानंही विचारलं नाही. दोरी ओढायला दोन माणसं लागतात, एवढंच दोघांना माहीत होतं.

ज्या कंपनीचा पिकअप भाऊ चालवतो, तिचीही एक कहाणी आहे. 1945 साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. पुन्हा तोच हिशेब. मोठे मोहम्मद गेले आणि मोठे झाले. जे गेले नाहीत, ते त्याच कंपनीची गाडी हप्त्यावर घेऊन रात्री-अपरात्री चालवताहेत, आणि त्यांना विचारलं जातं, 'तुम्ही इथं कसे?'

रोल्सबद्दल आता कायदा काय म्हणतो तेही बघा. 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. ती प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, डिझेल-पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या. रोजच्या वापराला आणि धंद्याला मात्र मनाई.

हा नियम मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. तो इतिहासालाही लावावा. निजाम, बादशहा, सुलतान, सगळे व्हिंटेज झाले. त्यांना वस्तुसंग्रहालयात ठेवा, पोरांना दाखवा, बरं-वाईट दोन्ही सांगा. पण त्यांच्यावर धंदा करायला मनाई करा. आज काय चाललं आहे? निवडणूक आली की एका बाजूचा पुढारी रोल्स बाहेर काढतो आणि म्हणतो, 'बघा, यांनी तुमच्यावर राज्य केलं.' दुसऱ्या बाजूचा पुढारी शेरवानी घालून तीच रोल्स बाहेर काढतो आणि म्हणतो, 'बघा, आपण राज्य केलं होतं.' दोघांच्या भाड्याची गाडी एकच. दोघांचं मीटर आपल्या मोहल्ल्यातून चालू होतं.

जिल्ह्याचं नाव सातव्या निजामावरून उस्मानाबाद होतं, 2023 मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झालं. त्या काळात आमच्याकडं खूप लोक चिडले होते, काहींनी मला विचारलं, 'तुम्ही यावर का लिहीत नाही?' मी भावाच्या गाडीकडं बोट दाखवलं. नंबर प्लेटवर एमएच 25 होतं, एमएच 25 च राहिलं. हप्ता पाच तारखेला होता, पाच तारखेलाच राहिला. ज्या नावानं आमच्या दादांना अंगठ्याशिवाय काही दिलं नाही, त्या नावासाठी मी रडणार नाही. आणि नवीन नावानं आम्हाला इथलं मानावं, यासाठी मात्र मी भांडेन. धाराशिव जितकं कुणाचंही आहे तितकं आमचं आहे.

भांडायचं असेल तर पिकअपच्या गोष्टींवर भांडू. भाऊ पहिल्यांदा कर्जासाठी बँकेत गेला तेव्हा पत्ता वाचून साहेबांनी फाईल बाजूला ठेवली. शेवटी त्यानं जास्त व्याजानं फायनान्स घेतला. हा अनुभव एकट्याचा नाही. सच्चर समितीनं 2006 सालीच नोंदवलं आहे की काही बँका मुस्लीम वस्त्यांना 'निगेटिव्ह' भाग धरून कर्ज द्यायला टाळतात. महाराष्ट्रात महमूद-उर-रहमान समितीनं 2013 मध्ये अहवाल दिला. 2014 च्या जुलैमध्ये मुसलमानांतल्या मागास गटांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं शिक्षणातलं आरक्षण चालू ठेवायला हरकत घेतली नाही, तरी सरकारनं कायदा केला नाही आणि अध्यादेश विरून गेला. त्यावर किती फॉरवर्ड आले? मी मोजले, आमच्या ग्रुपवर एकही नाही. रोल्सचे मात्र या एका वर्षात सात आले.

पिकअपचे प्रश्न साधे आहेत. वस्तीत बँकेचं कर्ज. तालुक्याला शीतगृह, म्हणजे भाव पडला तर माल दोन दिवस ठेवता येईल. हायवेवर गाड्या थांबवायला उजेडाची, शौचालयाची जागा. कागद बघायचे तर पोलिसांनी बघावेत, चौकातल्या पोरांनी नाही. वर्षाच्या पासिंगला आरटीओत दिवस मोडू नये. ड्रायव्हरचा विमा असावा आणि त्याच्या पोरीला तालुक्यातच विज्ञान शाखेचं चांगलं कॉलेज असावं. यातलं एक तरी मागणं फक्त मुसलमानाचं आहे का? येणेगूरच्या त्या टेम्पोवाल्यालाही हेच हवं आहे. म्हणूनच पुढाऱ्यांना रोल्स आवडते. रोल्सवरून भांडण लावता येतं. पिकअपवरून माणसं एकत्र येतात.

मला कुणी म्हणेल की तुम्ही पोरांचा अभिमान हिरावून घेता. गरिबाला निदान आठवणीत तरी श्रीमंत राहू द्या. मी हे समजू शकतो. रोज टोमणे खाणाऱ्या पोराला कधीकाळी आपणही कुणी होतो असं वाटलं तर त्यात नवल नाही. पण उधारीचा अभिमान उधारीच्या पैशासारखाच असतो, व्याज लागतं. त्याचं व्याज काय असतं ते त्या रात्री हायवेवर पाहिलं. त्यापेक्षा कमावलेला अभिमान घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाच्या आमच्याच तालुक्यातलं सास्तूर जमीनदोस्त झालं. अब्बा भाड्याचा टेम्पो घेऊन अंधारातच निघाले. जाताना पाणी आणि केळी, येताना जखमी माणसं. चार दिवस त्यांनी भाडं घेतलं नाही आणि कुणाची जात विचारली नाही. टेम्पोच्या फळ्यांवरचे रक्ताचे डाग नंतर कितीतरी महिने गेले नाहीत. अब्बांनी त्या टेम्पोचा फोटो काढून ठेवला नाही. ठेवला असता तर मी भाच्याला सांगितलं असतं, हा टाक ग्रुपवर आणि खाली लिही, 'ये थी हमारी शान.'

परवा भाच्याला बोलावून मी हे सगळं सांगितलं. तो सोलापूरला डिप्लोमा करतो, हुशार आहे. ऐकून घेतलं, वाद घातला. म्हणाला, "मामू, पण रोल्स दिसायला भारी आहे ना." मी म्हटलं, आहेच. बघायला जा, पुन्हा जा, तिकीट मी देतो. फक्त ती आपली आहे असं म्हणू नकोस.

रात्री भाऊ निघायच्या तयारीत होता. कलिंगडांचा माल, हैदराबादचा फेरा, दोनशेच्या आसपास किलोमीटर. मी भाच्याला म्हटलं, जा त्याच्यासोबत एक फेरी. क्लीनर आजारी होता, तशीही माणसाची गरज होती. तो मोबाइल खिशात ठेवून मागं चढला. भावानं दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "खींच, ढीला नक्को छोड."